तुम्ही तेव्हा इथं होता का?

हा प्रश्न आमच्या आबांना १९९२ साली तालुक्याच्या कार्यालयात विचारला गेला. याच अर्थाचा प्रश्न अमेरिकेच्या सरकारने अलास्कातल्या आदिवासी माजी सैनिकांना विचारला, आणि तो तर कायद्यातच लिहून ठेवला. दोन्हीकडे खरं उत्तर एकच होतं : नव्हतो, कारण तुम्हीच आम्हाला दुसरीकडे पाठवलं होतं.

अलास्काचं प्रकरण मला माहीत असण्याचं काही कारण नव्हतं. माझा भाचा सिएटलला नोकरीला आहे. त्याने एक बातमी पाठवली आणि खाली लिहिलं, 'मामा, हे आबांसारखंच आहे ना?' मी आधी दुर्लक्ष केलं. कुठे बर्फातला अलास्का आणि कुठे मराठवाड्यातलं आमचं गायरान! पण वाचत गेलो तसा त्यात अडकत गेलो. कायदा इंग्रजीत, पण भाषा आपल्या तलाठी सज्जातलीच.

अमेरिकेने अलास्का १८६७ साली रशियाकडून विकत घेतला. तिथे हजारो वर्षं राहणाऱ्या युपिक, इन्युपियाट, अथाबास्कन, उनांगन, त्लिंगित, हायडा यांना कुणी विचारलं नाही. पुढे १९०६ साली एक कायदा झाला. त्यात अलास्कातल्या आदिवासी माणसाला १६० एकरांपर्यंत जमीन स्वतःच्या नावावर मागता येईल अशी तरतूद होती. १६० एकर ऐकून आपल्या माणसाचे डोळे विस्फारतात. पण तिथे ती ऊस लावायची काळी जमीन नव्हे. उन्हाळ्यात नदीकाठी तळ टाकून सामन मासा पकडायचा, वाळवायचा, धुरावायचा, हिवाळ्यात सापळे लावत फिरायचं, हे तिथलं शेत. माणूस वर्षभर एका जागी बसून राहत नाही. आणि कायद्याला नेमकं तेच हवं होतं. १९५६ सालच्या दुरुस्तीनंतर अर्जदाराला पाच वर्षांचा सलग वापर आणि कब्जा दाखवावा लागे. ऋतूप्रमाणे फिरणाऱ्या माणसाकडे सलग कब्जाचा पुरावा मागणं म्हणजे ऊसतोड कामगाराला 'बारा महिने गावात राहिल्याचा दाखला आण' म्हणण्यासारखं आहे.

साठ वर्षं या कायद्याचा फारसा उपयोग कुणी केला नाही. अर्ज इंग्रजीत, कार्यालयं शेकडो मैलांवर, आणि जी जागा आजोबा-पणजोबांपासून आपलीच आहे तिच्यासाठी अर्ज का करायचा हेही लोकांना कळेना. मग १९७० च्या आसपास गडबड सुरू झाली. अलास्कात तेल सापडलं होतं, पाइपलाइन टाकायची होती, आदिवासींचे जमिनीवरचे दावे एकदाचे मिटवायचे होते. १९०६ चा कायदा आता रद्द होणार हे दिसू लागलं. तेव्हा काही कार्यकर्ते आणि वकील गावोगाव फिरून लोकांचे अर्ज भरून घेऊ लागले. हजारो अर्ज आले. १८ डिसेंबर १९७१ ला दावे मिटवणारा नवा कायदा झाला आणि त्याच दिवशी १९०६ चा कायदा संपला. आधी पडलेले अर्ज तेवढे जिवंत राहिले. त्यातले बहुतेक पुढे १९८० साली एका कायद्याने सरसकट मंजूर झाले.

ही शेवटची धावपळ चालली होती तेव्हा अलास्कातल्या आदिवासी गावांमधली तरुण पोरं कुठे होती? व्हिएतनामात. कुणी सक्तीच्या भरतीत गेलेला, कुणी स्वतःहून. अर्ज भरणारा कार्यकर्ता गावात आला तेव्हा घरात म्हातारे आणि बायका. पोरगा परत आला तोवर कायदा मेलेला. जो भाऊ घरी राहिला त्याच्या नावावर जमीन झाली. जो बंदूक घेऊन गेला त्याच्या नावावर काहीच नाही.

इथे एक खुलासा करतो, नाहीतर प्रतिक्रिया ठरलेल्या आहेत. अलास्कातल्या लोकांना मी आदिवासी म्हणतोय आणि आपल्याला 'मूलनिवासी' म्हणत नाही. 'शूद्र पूर्वी कोण होते' या ग्रंथात बाबासाहेबांनी आर्य वंशाचा सिद्धांत खोडून काढला आहे. आपला हक्क आपण आधी आलो म्हणून नाही, माणूस आणि नागरिक म्हणून आहे. त्या लोकांचा हक्क मात्र खरोखर आधी असण्याचा आहे. दोन्हींची खिचडी करू नये असं माझं मत आहे. साम्य रक्तात नाही, साम्य सरकारी टेबलावर आहे.

१९७१ नंतर सत्तावीस वर्षं या सैनिकांची दाद कुणी घेतली नाही. १९९८ साली अमेरिकन संसदेने एक दार किलकिलं केलं. १९६९ ते १९७१ या काळात सैन्यात असलेल्यांनाच अर्ज करता येईल असं ठरलं. व्हिएतनामात लढायला गेलेले लोक १९६४ पासूनचे होते, ते बाहेर. आणि जे आत आले त्यांच्यापुढे जुनीच अट : या जमिनीचा तुम्ही प्रत्यक्ष वापर करत होता हे सिद्ध करा. अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा सैन्यात गेलेला, त्याने स्वतंत्रपणे पाच वर्षं जमीन कसली हे कुठून दाखवायचं? बापाबरोबर मासे धरले ते बापाच्या खात्यात. फार थोड्यांना जमीन मिळाली. म्हणजे ज्या गैरहजेरीची भरपाई करायला कायदा केला, तीच गैरहजेरी त्यांच्या विरुद्ध पुरावा झाली.

आता आबांकडे येतो.

आबा १९७३ साली महार रेजिमेंटमध्ये भरती झाले आणि १९९० च्या सुरुवातीला हवालदार म्हणून निवृत्त झाले. आमच्याकडे जमीन नव्हती. १९७९ साली माझे चुलते आणि आई यांनी गावच्या गायरानातली चार एकर काढली. काढली म्हणजे अक्षरशः दगड वेचून, तरवड उपटून काढली. दोन एकर काकांची, दोन आमची, मध्ये दगडांचाच बांध. दरवर्षी तलाठी येई, पंचनामा करी आणि अतिक्रमणाची नोंद गाव नमुना १-ई मध्ये घेई. नोंद कुणाच्या नावाने? काकांच्या. आईच्या नावाने नाही. 'तुमचा नवरा आला की बघू.' दंडाची पावतीही काकांनाच. ज्यांनी गायरानाची लढाई लढली आहे त्यांना माहीत आहे, आपल्याकडे दंडाची पावती हीच सनद असते. चोर म्हणून नाव लागलं तरच पुढे मालक म्हणून लागतं. आईला चोर होण्याचा मानसुद्धा मिळाला नाही.

२८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय आला. १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळात मागासवर्गीय भूमिहीनांनी शेतीसाठी केलेली गायरानावरची अतिक्रमणं नियमानुकूल करायची. १४ एप्रिल ही तारीख बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाची म्हणून. हा निर्णय कुणाच्या मेहेरबानीने आलेला नाही. १९५९ चा आणि १९६४ चा दादासाहेब गायकवाडांचा भूमिहीनांचा सत्याग्रह, त्यात तुरुंगात गेलेली लाखो माणसं, पुढे मराठवाड्यात एकनाथ आवाडांसारख्यांनी गावागावात उभी केलेली गायरानाची चळवळ, या सगळ्याचा तो परिणाम. काकांचे दोन एकर झाले. आबा आपले दोन एकर मागायला गेले.

कारकुनाने कागद चाळले आणि विचारलं, 'अठ्ठ्याहत्तर ते नव्वद. तुम्ही तेव्हा इथं होता का?'

आबा म्हणाले, 'नव्हतो. पूंछला होतो, बारमेरला होतो, मणिपूरला होतो.' आणि डिस्चार्ज बुक पुढे केलं. त्यांना वाटलं होतं, या पुस्तकाने काम होईल. कारकुनाने ते आदराने हातात घेतलं, खरंच आदराने, आणि म्हणाला, 'म्हणजे कब्जा तुमचा नव्हता. शिवाय पगार होता. सैनिक म्हणून वेगळा अर्ज करा.'

सैनिक म्हणून वेगळा अर्ज केला. सरकारी जमीन देताना माजी सैनिकांचाही विचार होतो, हे खरं आहे. दोन वर्षांनी जी जमीन दाखवली ती दुसऱ्या तालुक्यात, डोंगराच्या पाठीवर. आबा एस.टी.ने गेले, पुढे पाच किलोमीटर चालले, बघून आले. आई म्हणाली, 'कशी हाय?' आबा म्हणाले, 'चौकी टाकायला चांगली हाय. वैरी लांबनं दिसंल.'

हे वाक्य मला अलास्काचा २०१९ चा कायदा वाचताना आठवलं. त्या वर्षी मार्चमध्ये अमेरिकेने डिंगेल कायदा नावाचा मोठा कायदा केला. त्याच्या एका कलमात या सैनिकांसाठी नव्याने तरतूद आहे. ती चांगली आहे, हे आधी मान्य केलं पाहिजे. ५ ऑगस्ट १९६४ ते ३१ डिसेंबर १९७१ या काळात सैन्यात असलेला कोणताही अलास्कातला आदिवासी अर्ज करू शकतो. अडीच ते १६० एकर. सैनिक वारला असेल तर त्याच्या वारसांच्या वतीने अर्ज करता येतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वापर आणि कब्जा सिद्ध करण्याची अट काढून टाकली. तुम्ही तेव्हा इथं होता का, हा प्रश्नच रद्द. पन्नास वर्षं लागली, पण सरकारने कबूल केलं की माणूस तुमच्याच कामावर होता तर त्याची हजेरी तुम्हीच लावली पाहिजे.

मग अडलं कुठे? जमिनीपाशी. पात्र सैनिक सुमारे बावीसशे. सगळ्यांनी पूर्ण १६० एकर मागितले तरी साडेतीन लाख एकर होतात. अलास्का सुमारे साडेछत्तीस कोटी एकरांचा. म्हणजे हजार एकरांमागे एक एकरसुद्धा नाही. आणि त्या प्रदेशातली निम्म्याहून जास्त जमीन केंद्र सरकारच्याच ताब्यात आहे. तरीही राष्ट्रीय उद्यानं वगळली, राष्ट्रीय वनं वगळली, वन्यजीव आश्रयस्थानं वगळली. सुरुवातीला जी जमीन उपलब्ध म्हणून नकाशावर दाखवली ती बहुतेकांच्या गावापासून कुठल्या कुठे. २०२२ साली आणखी सुमारे २ कोटी ७० लाख एकर खुले केले. आकडा मोठा, पण बऱ्याच ठिकाणी रस्ता नाही. छोट्या विमानाने किंवा होडीने जायचं. सैनिकांनी तर सत्तरी ओलांडलेली.

त्लिंगित आणि हायडा सैनिकांची गोष्ट सगळ्यात वाईट. त्यांचा प्रदेश अलास्काच्या आग्नेय टोकाला, आणि तो जवळजवळ सगळाच टोंगास राष्ट्रीय वनात मोडतो. तिथे एक एकरही मिळत नाही. त्यांना सांगितलं गेलं, उत्तरेला जा, तिकडे निवडा. म्हणजे रत्नागिरीच्या माणसाला गडचिरोलीत प्लॉट. बरं, तिकडची जमीन रिकामी थोडीच आहे? ती दुसऱ्या आदिवासींची शिकारीची, मासेमारीची जागा. एका लुटलेल्याला न्याय देण्यासाठी दुसऱ्या लुटलेल्याच्या अंगणात खुंटी मारायची. अनेकांनी अर्जच केला नाही. मला त्यांचं कारण कळतं.

कायद्याने अर्जासाठी पाच वर्षं दिली, डिसेंबर २०२० ते डिसेंबर २०२५. त्यातला सुरुवातीचा काळ तर महामारीचा. अर्ज आले ते काही शेकडा, आणि प्रत्यक्ष जमिनीचा दाखला हातात पडला ते त्याहून कितीतरी कमी. मुदतवाढीची मागणी करावी लागली. पुन्हा तारीखच. तारखेशिवाय सरकारला न्याय देता येत नाही आणि माणसं तारखेप्रमाणे मरत नाहीत.

आमच्या अभ्यासवर्गात हे मांडलं तेव्हा दोन आक्षेप आले. पहिला पर्यावरणवाद्यांचा, की अभयारण्याच्या जमिनी वाटू नयेत. माझं उत्तर वरच्या हिशोबात आहे. ज्या नदीकाठी हे लोक शतकानुशतकं मासे धरत आले तिथलं जंगल त्यांच्यामुळे संपलं नाही. त्याला आश्रयस्थान म्हणायला काही शिल्लक राहिलं ते त्यांच्यामुळेच. आपल्याकडे वनहक्काच्या दाव्यांत हीच भाषा ऐकू येते.

दुसरा आक्षेप जास्त खोल होता आणि त्यावर मी आठवडाभर विचार केला. एका तरुण मित्राने विचारलं, 'सामूहिक जमीन तोडून एकेकाच्या नावावर करणं हीच तर गोऱ्यांची युक्ती होती. त्या युक्तीला हक्क का म्हणायचं?' तो बरोबर आहे. मुख्य अमेरिकेत १८८७ च्या डॉझ कायद्याने आदिवासींच्या सामाईक जमिनीचे तुकडे करून वाटले, उरलेलं 'जादा' म्हणून गोऱ्यांना दिलं. आदिवासींकडे तेव्हा सुमारे १३ कोटी ८० लाख एकर होते, १९३४ पर्यंत ४ कोटी ८० लाख राहिले. अलास्काचा १९०६ चा कायदा याच विचाराचा धाकटा भाऊ. आणि १९७१ ला जे मिळालं तेही टोळ्यांना नाही, नव्याने बनवलेल्या कंपन्यांना मिळालं. ४ कोटी ४० लाख एकर आणि आदिवासी झाला शेअरधारक.

बाबासाहेबांनाही छोट्या तुकड्यांच्या वाटपाचं कौतुक नव्हतं. १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' मध्ये त्यांनी शेतजमीन राज्याच्या मालकीची आणि शेती सामूहिक, जात-धर्म न बघता, असा आराखडा दिला. पण त्याच बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाचं विधेयक आणलं, त्यात वतनाची जमीन रयतावा करून महारांच्या नावे कायम करा अशी मागणी होती. विसंगती नाही. मोठा आराखडा येईपर्यंत माणसाने गुलामीच्या भाकरीवर का जगायचं, एवढंच त्यात आहे. कारण वतन नावाची ती जमीन दिसायला इनाम आणि असायला बेडी होती. शिवाय ज्या महार सैनिकांनी लढाया केल्या त्यांची भरती १८९२ च्या सुमारास बंद केली तेव्हा निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकरांना सेवेचा इतिहास मांडणारा अर्ज लिहावा लागला होता. म्हणून व्हिएतनामहून परतलेला युपिक म्हातारा १६० एकर मागतो तेव्हा त्याला डॉझ कायद्याचा इतिहास ऐकवणारे आपण कोण? त्याच्या भावाला मिळाली, त्याला नाही. त्याची तक्रार एवढी साधी आहे. फक्त त्या जमिनीला विक्रीबंदीचं कवच राहिलं पाहिजे, आणि ते तिथे आहे. आपला भोगवटादार वर्ग २ जसा असायला हवा होता तसा, वाटेत पैसे खाण्याचं साधन म्हणून नव्हे.

दुसऱ्या देशांत याहून बरं झालं असं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅनडात गोऱ्या सैनिकाला जमिनीसाठी ६,००० डॉलरपर्यंत कर्ज मिळे, राखीव क्षेत्रातल्या आदिवासी सैनिकाला मात्र कमाल २,३२० डॉलरचं अनुदान आणि तेही सरकारी एजंटाच्या हातून. ऑस्ट्रेलियात लेक कोंडा इथल्या आदिवासी वस्तीची जमीनच तोडून परतलेल्या गोऱ्या सैनिकांना दिली. त्याच वस्तीतला रेग सॉन्डर्स ऑस्ट्रेलियन सैन्यातला पहिला आदिवासी अधिकारी होता. त्याचा भाऊ न्यू गिनीत मारला गेला.

एवढं सगळं लिहिण्याचं कारण सांगतो. अलास्काच्या कायद्यातली एक गोष्ट आपल्याला उचलता येईल : सेवेचा काळ हाच कब्जाचा काळ धरावा. १९७८ ते १९९० या काळात जो मागासवर्गीय भूमिहीन सैन्यात होता आणि ज्याचं कुटुंब गायरान कसत होतं, त्याच्या बायकोचा कब्जा हा त्याच्या घराचा कब्जा मानावा आणि पट्टा दोघांच्या नावे द्यावा. २०११ च्या जगपालसिंग निकालाचा बागुलबुवा दाखवून अधिकारी हात वर करतात. तो निकाल पूर्ण वाचा. सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढा असं म्हणतानाच न्यायालयाने भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारी निर्णयाने दिलेल्या जमिनींचा अपवाद तिथेच लिहिलेला आहे.

आबा आता त्र्याहत्तर वर्षांचे आहेत. दोन एकर आजही आम्हीच कसतो, आजही अतिक्रमणदार म्हणून. त्यांना मी अलास्काची गोष्ट वाचून दाखवली. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, 'त्यांच्या बायकांची नावं लागली का?' मला उत्तर देता आलं नाही. आई मात्र आतून म्हणाली, 'आधी हितली लावा.'

ज्यांच्या घरात असं प्रकरण असेल त्यांनी सैनिकाच्या डिस्चार्ज बुकाची झेरॉक्स, १-ई चा उतारा, त्या वर्षांचे पीकपेरे आणि दंडाची एखादी जरी पावती सापडली तरी ती घेऊन ठेवा. पावती नसेल तर शेजारच्या बांधवाल्याचं प्रतिज्ञापत्र चालतं का ते आम्ही तपासतोय. आतापर्यंत आमच्याकडे अकरा घरं जमली आहेत. एकत्र अर्ज टाकायचा आहे, आणि तो बायकांच्या सहीने.

जय भीम.